मिठाची गाडीवाट

प्रिय निषाद आणि ईरा,

गेल्या रविवारी फोनवर निषादने मला विचारलं, "आजी, तुमच्याकडे आहे का असं?" तो नुकताच चार दिवस सायकलवरून तुमच्या तिकडच्या डोंगरातल्या जंगलात फिरून आला होता, मोटरींना बंद असलेल्या जुन्या रस्त्याने. चार दिवसांत एकही मोटर दिसली नाही, हे तो पुन्हापुन्हा सांगत होता. मी खिडकीतून खाली बघितलं. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत एक टेंपो मागे मागे येत होता, त्याच्या पाठी दोन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, आणि पाववाला आपली सायकल भिंतीला चिकटवून स्वतःही भिंतीला चिकटून उभा होता. मी म्हणाले, "नाही रे बाबा, इथे कुठलं असं?"

फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी चुकीचं उत्तर दिलं. चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, चुकीचं उत्तर तसंच राहू देणं मला जमत नाही. शिवाय ज्या माणसामुळे ते उत्तर चुकीचं ठरतं, तो माणूस जाऊन आता वर्ष होत आलं. तुमचे आजोबा असते तर त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं असतं. मला तसं येत नाही. मी क्रमाने लिहिते. ईराने स्वतः वाचावं, निषादला मराठी वाचायला जड जातं, त्याला आईने वाचून दाखवावं.

त्या माणसाचं नाव हिराजी म्हात्रे. आम्ही त्यांना हिराजीदादा म्हणायचो. ते बाळकुमचे. आज तुम्ही बाळकुमला गेलात तर तुम्हाला उंच इमारती आणि त्यांची इंग्रजी नावं दिसतील. दादांच्या लहानपणी तिथे भातशेती होती आणि खाडीच्या कडेला मिठागरं. दादांच्या घरचे सगळे मिठागरात राबलेले, दादा स्वतः पंचवीस वर्षं. मग शेतांवर इमारती आल्या, आणि ज्यांची शेतं होती ते त्याच इमारतींमध्ये राहायला गेले. दादा नवव्या मजल्यावर राहायचे. लोक त्यांना शेठ म्हणू लागले होते. ते मागे वळून बघायचे, कोण शेठ आलाय म्हणून.

त्यांची आमची ओळख येऊरला झाली, तेरा-चौदा वर्षांपूर्वी. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते आणि आम्ही दोघं रविवारी सकाळी तिथे चालायला जायचो. येऊर म्हणजे ठाण्याला खेटून असलेलं जंगल. पण रविवारी सगळं ठाणं गाड्या काढून तिथे हवा खायला यायचं. एका वळणावर एक मोठी गाडी सारखी हॉर्न वाजवत होती, आणि तिच्यापुढे एक गृहस्थ काळी, जुनी सायकल धरून रस्त्याच्या मधोमध उभे होते. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, पांढरा सदरा, डोक्याला चौकड्यांचा रुमाल. ते सावकाश काचेपाशी गेले.

"हॉर्न कोनाला मारतंस?"

"काका, जरा बाजूला व्हा ना."

"मी व्हतो रं. पन या झारांना कोन सांगल बाजूला व्हायला?"

त्यांच्या बोलीत झाडाचं झार व्हायचं, गाडीची गारी, खाडीची खारी, आणि कळायचं ते कलायचं. तुमचे आजोबा हे ऐकून मोठ्याने हसले. दादा लगेच त्यांच्याकडे वळले. "हसता काय साहेब? तुमी पन गारीनंच आलाव ना?"

"आम्ही रिक्षाने आलो."

"तीन चाकी. म्हंजे जरा कमी पाप."

मग त्यांनी आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाई, सायकल येते?" मी म्हटलं, कॉलेजात असताना येत होती. "मंग अजून येते. ती जात नाय. चला एकदा माज्यासंगं. अशा जागी नेतो, जिथं हॉर्न मारला तर नुसता माकर वर बगल."

आजोबांनी दुसऱ्याच आठवड्यात दोन सायकली आणल्या. ते तसेच होते.

दादांची सायकल नवव्या मजल्यावर राहायची. ते तिला रोज लिफ्टने वर न्यायचे, आणि सोसायटीच्या कमिटीला ते पसंत नव्हतं. कमिटीने पत्र दिलं की सायकल खाली पार्किंगमध्ये ठेवावी. दादांनी मला ते पत्र दाखवलं आणि उत्तर लिहून द्या म्हणाले. काय लिहू, विचारलं तर म्हणाले, "लिवा, पार्किंगमंदी गाऱ्या असतात, ती घाबरते." मी अर्थातच तसं लिहिलं नाही, पण त्यांनी ते मीटिंगमध्ये तोंडी सांगितलं. पुन्हा पत्र आलं नाही.

आता ती जागा कुठली, ते सांगते. पूर्वी खाडीकाठचं मीठ बैलगाड्यांनी डोंगराकडे जायचं. कल्याणहून मुरबाडकडे आणि तिथून घाटाच्या पायथ्यापर्यंत. पायथ्याला गोणी उतरायच्या आणि पुढे बैलांच्या पाठीवरून वर जायच्या. दादांचे आजोबा या गाड्या हाकायचे. पुढे मोटररस्ता झाला, तो दुसऱ्या अंगाने. त्यामुळे जुनी गाडीवाट जंगलात तशीच पडून राहिली. खैरपाडा नावाच्या वस्तीपासून ती सुरू होते आणि अठरा किलोमीटर जाते. पहिला थोडा भाग लोकांच्या मालकीच्या जमिनींतून, मग सगळं जंगल. मधे एक ठाकरांचा पाडा आहे. त्या पाड्यालाही डांबरी रस्ता पलीकडच्या बाजूने आला आहे, त्यामुळे या वाटेवर मोटर आणायची कोणाला गरज नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या हौसेसाठी दुसऱ्याचा रस्ता अडवावा असं मला वाटत नाही, आणि दादांनाही वाटलं नसतं.

वाट डोंगरात असूनही सायकलला सोपी आहे. याचं कारण दादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मिठाने भरलेली गाडी उभ्या चढावर चढत नाही. बैल बसतात. म्हणून गाडीवाल्यांनी डोंगराला वळसे घालत घालत असा चढ शोधला होता की बैलाला तो चढ आहे हे कळूच नये. "बैल फसला पायजे," दादा म्हणायचे. खडकावर जिथे वाट जाते तिथे चाकांच्या खाचा आहेत, बोटभर खोल. सायकलचं चाक त्या खाचेत नेमकं बसतं.

आणि दादांना स्वतःला उतार दिसायचा. आपल्याला रंग दिसतात तसा. मिठागरात खाडीचं पाणी एका खणातून दुसऱ्या खणात न्यायचं असतं, आणि त्या खणांच्या तळाचा उतार इतका कमी असतो की आपल्यासारख्याला ती जमीन सपाटच वाटेल. तो उतार पायाने ओळखायचा. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे असेल, पण वाटेला फाटा आला की दादा सायकल थांबवायचे, बाटलीतलं ओंजळभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि खाली वाकून ते कुठे सरकतं ते बघायचे. मग म्हणायचे, "इकरून." आम्ही तिकडून जायचो. डोंबिवलीचं एक बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं आमच्याबरोबर असायचं, त्यातल्या गृहस्थांकडे फोनवर नकाशा होता. ते नकाशा बघायचे, दादा पाणी बघायचे, आणि बहुतेक वेळा दोघांचं एकमत व्हायचं.

एकदा झालं नाही. दादांनी पाणी ओतलं, पाणी डावीकडे गेलं, आम्ही डावीकडे गेलो. अर्ध्या तासाने वाट संपली आणि समोर करवंदाच्या जाळ्या आणि एक कोरडा ओढा. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही तो ओढा पार केला. मी साठीची, माझी साडीची सवय सोडून पहिल्यांदाच घातलेला सलवार-कुडता तीन ठिकाणी फाटला. सगळे दादांकडे बघत होते. ते एका दगडावर बसून घाम पुसत होते आणि हसत होते.

"दादा, पाणी चुकलं की तुमचं," आजोबा म्हणाले.

"पानी कसं चुकंल? पानी बरोबर हाय. रस्ता चुकला."

पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात भाजी करपली, बस चुकली, तुमच्या आईचा फोन लागला नाही, की आजोबा म्हणायचे, पाणी बरोबर आहे.

वर्षातून चार-पाच वेळा जायचो आम्ही, पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंत. सायकली टेंपोत घालून खैरपाड्यापर्यंत न्यायच्या. दादा पुढे बसायचे नाहीत, मागे सायकलींबरोबर उभे राहायचे. वाट सुरू होते तिथे एक शेंदूर लावलेला दगड आहे. गाडीवाले तिथे मूठभर मीठ ठेवून पुढे जायचे, दादाही ठेवायचे. ते मीठ नंतर पाड्यातली गुरं चाटून जातात. देवाला पोचतं की गुरांना, हे विचारल्यावर दादा म्हणाले, "देवानं अजून तक्रार केली नाय."

मग ते क्रम लावायचे. सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे. हा मिठाच्या गाड्यांचा नियम होता: सर्वांत थकलेली बैलजोडी पुढे, तिच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं, म्हणजे मागे कोणी एकटं राहत नाही. म्हणून अकरा वर्षं मी सर्वांच्या पुढे होते. माझ्यापुढे फक्त वाट. ऐन आणि सागाची झाडं, फाल्गुनात पळस. वाळलेल्या पानांवरून चाक जाताना जो आवाज होतो तो, आणि मागून येणाऱ्या चार सायकलींचा तसाच आवाज. दुसरा कुठलाच नाही. कानांना सुरुवातीला हे खरं वाटायचं नाही. ठाण्यात राहून आपण कायम कशाकडे तरी कान लावून असतो, मागून काय येतंय म्हणून. तिथे साधारण तिसऱ्या वळणानंतर माझी मान सैल व्हायची. हे मी आता लिहितानाही मला जाणवतं, आणि फार आठवण येते. ठाकरांच्या पाड्यात एका ओसरीवर मुक्काम असायचा. दुसऱ्या दिवशी पायथ्यापर्यंत जाऊन परत.

दादांच्या आईची गोष्ट मी अशाच एका परतीच्या दुपारी ऐकली. आम्ही एका मोहाच्या झाडाखाली भाकरी खाऊन बसलो होतो. डोंबिवलीच्या बाईंनी सहज विचारलं, "दादा, एवढं सगळं असून तुम्ही गाडी का नाही घेतलीत?"

दादांनी भाकरीचं फडकं झटकलं. मग म्हणाले, "शेत इकलं तवा एक चूक झाली."

बाळकुममध्ये गावातून मिठागराकडे, खाडीकडे जाणारी एक पायवाट होती. ती म्हात्र्यांच्या शेतातून जायची. सगळं गाव तिच्यावरून जायचं, कोणी कधी कोणाला विचारलं नाही. शेत विकलं तेव्हा कागदावर शेताच्या चारही सीमा लिहिल्या होत्या. वाट शेताच्या आतच होती, तिचा वेगळा उल्लेख नव्हता. "शेत इकलं म्हंजे वाट पन इकली, ह्ये कोनालाच कललं नाय. वाट इकता येते ह्येच ठावं नव्हतं आमाला." कागदात वहिवाट राखून ठेवायची असते, हे त्यांना भिंत उभी राहिल्यावर कोणीतरी सांगितलं.

दादांच्या आईने चाळीस वर्षं मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या होत्या. म्हातारपणी तिचा नेम होता, संध्याकाळी खाडीच्या बांधावर जाऊन बसायचं. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. भिंत झाली, फाटक लागलं. ती नेहमीसारखी निघाली. फाटकावर वॉचमन होता, बाहेरगावचा, चांगला मुलगा. त्याने नीट विचारलं, "आजी, कोणाकडे जायचंय? फ्लॅट नंबर काय?" ती परत आली. दारात उभी राहिली.

"आय मना म्हनाली," दादा म्हणाले, "हिराजी, खारीचा फ्लॅट नंबर काय रं?"

दादा पुढे म्हणाले, "ती थट्टा नव्हती करत. तिला वाटलं, मना ठावं असंल. मी इकलं ना."

त्या दिवसानंतर ती खाडीवर गेली नाही. दोन पावसाळे काढले आणि गेली.

आता विलासबद्दल. विलास दादांचा एकुलता मुलगा. तो वाईट आहे असं तुम्ही समजू नका, तो मेहनती होता आणि वडिलांना जपायचा. त्याने खैरपाड्याला, अगदी गाडीवाटेच्या तोंडाशी, एक मोठा तुकडा घेतला आणि हौसेने वडिलांच्या नावावर केला. दादांना फार आनंद झाला होता. आम्हाला पेढे दिले. दोन वर्षांनी कळलं की विलासच्या मनात काय आहे. पुढचा माळ त्याच्या दोन मित्रांनी घेतला होता. तिथे कॉटेज बांधायची, आणि गाडीवाट रुंद करून मोटरी आत न्यायच्या. वाटेचं तोंड दादांच्या जमिनीतून जात होतं. त्यासाठी दादांची सही हवी होती.

एका दुपारी विलासने आम्हा दोघांना घरी बोलावलं. चहा झाला. मग तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच समजवा बाबांना. मी लोकांना शब्द दिलेला आहे."

मी म्हटलं, "विलास, मी यात काय बोलणार?"

"अहो, त्यांच्याच आवडीचं करतोय मी! लोकं येतील, सकाळी सायकल चालवतील. मस्त सायकल ट्रॅक काढू आतमध्ये. बाबांचं नाव देऊ त्याला."

दादा बशीतला चहा पीत होते. "आनि ती लोकं येतील कशानं?"

"गाडीनं. अजून कशानं येणार?"

"मंग सायकल कशाला?"

"बाबा, तू ना..." विलास उठून उभा राहिला. "सगळं जग पुढे चाललंय आणि तू त्या बैलगाडीत बसलायस. पाच वर्षांनी दुसरा कोणीतरी करेलच तिथे. मग आपण का नाय?"

"माजे आयेला वॉचमननं इचारलं," दादा म्हणाले, "ती सही मी केली व्हती. एक वाट मी न कलता इकली. ही कलून कशी इकू?"

विलासने हे आधीही ऐकलं असणार. तो खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. नवव्या मजल्याच्या त्या खिडकीतून खाडी स्पष्ट दिसते.

दादा नुसते सही नाकारून थांबले असते, तर घरातलं भांडण कदाचित विरून गेलं असतं. पण विलास म्हणाला होता, पाच वर्षांनी दुसरा कोणीतरी करेल. ते दादांच्या डोक्यात बसलं. आपण गेल्यावर काय? ते नौपाड्यात आमच्याकडे आले आणि म्हणाले, वकील दाखवा. आमच्या शेजारच्या इमारतीत एक वयस्कर वकील होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. दादांना असा कागद हवा होता की त्यांच्या जमिनीतून जाणारी वाट गावाच्या वहिवाटीची राहील, जमीन पुढे कोणाकडेही गेली तरी, आणि तिच्यावरून मोटर जाणार नाही.

वकिलांनी मसुदा वाचून दाखवला. "...पादचारी, गुरे, बैलगाड्या व हलकी वाहने यांच्या जाण्यायेण्यासाठी..."

"थांबा," दादा म्हणाले. "हलकी म्हंजे किती हलकी?"

"म्हणजे ट्रक वगैरे नको. सायकल, हातगाडी, अशी."

"माजा पोऱ्या त्याची गारी पन हलकीच हाय म्हंतो. उचलून बगितली नाय कोनी."

वकील हसले. "मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

दादांनी बराच विचार केला. "लिवा. ज्या गारीत कोन तरी दमतं, मानूस नायतर बैल, ती जाईल. ज्या गारीत कोनच दमत नाय, ती जानार नाय."

वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं मुलांना व्याख्या लिहायला शिकवत होते, पण एवढी नेटकी व्याख्या मी ऐकली नव्हती. कायद्याच्या भाषेत ती बसत नव्हती, म्हणून शेवटी "यंत्रावर चालणारे कोणतेही वाहन वगळून" असे शब्द आले. दादांनी ते मला तीनदा वाचायला लावले. "यात दमनं येतं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतं. दस्त नोंदवला गेला आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत त्याची नोंदही झाली. नोंद लावणाऱ्या तलाठ्याने दादांना विचारलं होतं की तुम्ही स्वतःच्याच जमिनीवर अशी अडचण का करून घेताय. दादा म्हणाले, अडचण दुसऱ्याच्या जमिनीवर कशी करू?

विलासने त्या दिवसापासून वडिलांशी बोलणं सोडलं.

त्याला मित्रांना दिलेला शब्द मोडावा लागला, गावात लोक त्याला हसले. वडिलांनी एका शब्दाने आधी सांगितलं नाही, नोंद झाल्यावर कळलं, हे त्याला फार लागलं असावं. इथे दादा चुकले असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर त्यानं अरवलं असतं. मंग मी अरलो असतो." सव्वा वर्ष हे चाललं. जेवायची वेळ झाली की विलास बायकोला म्हणायचा, त्यांना सांग ताट वाढलंय. दादा नवव्या मजल्यावरच्या त्याच घरात, त्याच टेबलाशी जेवायचे.

त्या हिवाळ्यात आम्ही गाडीवाटेवर गेलो, पण दादा पहिल्यासारखे नव्हते. फाट्यावर पाणी ओतायचे आणि न बघताच पुढे निघायचे. पाड्यातल्या ओसरीवर बसलो असताना त्यांनी आजोबांना विचारलं, "साहेब, तुमची मुलगी परदेशात. पन बोलते ना?"

"दर रविवारी," आजोबा म्हणाले.

"माजा भिंतीपल्यार हाय."

आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तुमचे आजोबा एरवी असं करणारे नव्हते.

पुढच्या वर्षी आजोबा गेले, ते तुम्हाला माहीत आहे. दादा भेटायला आले तेव्हा सायकल हातात धरून चालत आले होते. बाळकुम ते नौपाडा, सगळा रस्ता चालत. चालवावीशी वाटली नाही म्हणाले. माझी सायकल मी त्यानंतर एकदाच बाहेर काढली. मग गुडघ्यांनी नको म्हटलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते खैरपाड्याला. गेल्याच्या आदल्या माघात. डोंबिवलीचं जोडपं मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेलं होतं. ते दोघं सायकलवर आत जाणार आणि मी वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसणार, असं ठरलं होतं. मला फक्त तिथली हवा हवी होती. ते गेले आणि थोड्या वेळाने एक गाडी येऊन वाटेच्या अलीकडे थांबली. विलास उतरला. मागून त्याने काळी सायकल काढली. मग दुसऱ्या बाजूने दादा उतरले. खूप वाळले होते. त्यांच्या हृदयाचं काहीतरी झाल्याचं मला फोनवर कळलं होतं, पण दोघं एकत्र येतील हे माहीत नव्हतं.

"बाई!" दादा लांबूनच म्हणाले. "तुमी बसल्याव? मंग पुरं कोन जानार?"

"आज तुम्हीच जा," मी म्हटलं.

"पहिल्या वळणापर्यंत हां, बाबा," विलास म्हणाला. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डाक्टर कवा आलावता इकरं?"

दोघांमध्ये आधी कोण बोललं, कधी, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विलासही सांगणाऱ्यांतला नाही.

दादा सायकलवर बसले. पहिल्या दोन पायडलला चाक डगमगलं, तसा विलासने मागून कॅरिअरला हात लावला. मग तो हात त्याने काढलाच नाही. पायांत काळे बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट, असा तो वडिलांच्या सायकलमागे चालत राहिला. मी बघत होते. थोडं अंतर गेल्यावर विलास बोलायला लागला. काय बोलत होता ते माझ्यापर्यंत येत नव्हतं, नुसता आवाज येत होता, सलग, न थांबता, सव्वा वर्षाचं सगळं एकदम सांगायचं असावं तसा. मधून मधून दादांचं "हं" ऐकू यायचं. पहिलं वळण आलं. ते तिथे थांबले नाहीत. वळणाआड दोघं दिसेनासे झाले, आणि विलासचा आवाज त्यानंतरही बराच वेळ येत राहिला.

दादा त्यानंतरच्या मार्गशीर्षात गेले.

आमचं टोळकं आता उरलेलं नाही. पाड्यातली ती ओसरी पाडून तिथे सिमेंटची खोली झाली आहे, त्यात त्या घरच्यांची सोय झाली, बरं झालं. वाट मात्र आहे, पूर्ण अठरा किलोमीटर. सातबाऱ्यावरची नोंद कायम आहे, विलासने तिला हात लावलेला नाही. गेल्या महिन्यात तो तिथे जाऊन आला, गाडी बाहेर ठेवून, पायी.

तुमची,
आजी